चार मिनिटांचं पात्र, दोनशे पानांची कादंबरी

सुपरहिरोच्या सिनेमात एखादा माणूस असतो. नायकाचा पोशाख शिवणारा शिंपी, त्याला मागच्या दाराने दवाखान्यात घेणारी नर्स, रात्रपाळीचा वॉचमन. दोन प्रसंग, चार वाक्यं, आणि सिनेमा पुढे निघून जातो. पण थिएटरबाहेर गाडी काढताना लोक त्याच्याबद्दलच बोलत असतात. अशा पात्राला मधोमध आणायचं आणि सिनेमाच्या मालकांच्या परवानगीने त्याच्यावर स्वतंत्र कादंबरी लिहायची, हे रीतसर काम आहे. इंग्रजीत असं लिहिणाऱ्यांची 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मीडिया टाय-इन रायटर्स' नावाची संघटना आहे, तिचे 'स्क्राइब' पुरस्कारही आहेत. मी हे काम अंगावर घेतलं तेव्हा मात्र मराठीत विचारायला माणूस सापडला नाही. कोल्हापुरात राहून, मुंबईला पाच खेपा घालून, दोनदा लिहिलेलं फाडून मी एक कादंबरी पूर्ण केली. तुमच्या वाट्याला तेवढी वणवण येऊ नये म्हणून हे लिहितोय.

सिनेमाचं नाव घेत नाही, करारात तशी अट आहे. पात्राबद्दल बोलायची लेखी परवानगी मी घेतली आहे. माझं पात्र म्हणजे नायकासाठी पायताण बनवणारा म्हातारा कारागीर. पडद्यावर तो एकूण चार मिनिटं दहा सेकंद दिसतो.

लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करा: हे काम परकं नाही. वि. स. खांडेकरांनी महाभारताच्या आदिपर्वातलं एक उपाख्यान उचललं आणि १९५९ मध्ये 'ययाति' दिली. शर्मिष्ठेला तिथे स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळामास्तर होते. १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन आणि श्रीकृष्ण बोलतात, पण शोण आणि वृषालीही बोलतात. कर्णाचा भाऊ आणि कर्णाची बायको! मोठ्या युद्धाच्या कथेत ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, त्यांच्या डोळ्यांनी नायक दिसतो तेव्हा तो वेगळा दिसतो. मला या कामाची दिशा शोणाने दाखवली. अडकलो की मी ती पानं काढून वाचायचो. फरक एवढाच की महाभारताला मालक नाही, सिनेमाला आहे. त्या मालकाकडे आपण दुसऱ्या पायरीवर येऊ.

१. पात्र निवडताना चेहऱ्यावर जाऊ नका

नट आवडला म्हणून पात्र निवडलं की तिसऱ्या प्रकरणात सामान संपतं. पुस्तकात नटाचे डोळे नसतात, त्याचं हसू नसतं. मग उरतं काय? त्या माणसाचं काम, त्याला माहीत असलेली एखादी गोष्ट आणि सिनेमाने न दाखवलेला त्याचा वेळ.

माझी कसोटी साधी आहे. या माणसाला असं काय ठाऊक आहे, जे नायकाला ठाऊक नाही? उत्तर एका वाक्यात आलं तर पात्र घ्या. माझ्या कारागिराला नायकाची टाच माहीत होती. झिजलेल्या तळव्यावरून त्याने ओळखलं होतं की नायकाचा डावा गुडघा कामातून गेलाय. नायकाने ते आईलाही सांगितलेलं नव्हतं. सिनेमात हे कुठेच नाही, पण सिनेमाच्या विरोधातही जात नाही. एवढ्यावर माझी कादंबरी उभी राहिली.

छोट्या पात्रात किती दम असतो याचे दाखले सुपरहिरोंच्याच दुनियेत आहेत. हार्ली क्विन १९९२ मध्ये बॅटमनच्या ॲनिमेशन मालिकेत जोकरची साथीदार म्हणून एका भागापुरती आली. पुढच्या वर्षी ती कॉमिक्समध्ये गेली आणि नंतर तिच्या नावावर सिनेमे आले. एजंट कोलसन हा २००८ च्या 'आयर्न मॅन' सिनेमासाठीच तयार केलेला साधा सरकारी माणूस. पाच वर्षांनी त्याला मध्यभागी ठेवून अख्खी मालिका सुरू झाली. कादंबरीचं उदाहरण हवं असेल तर ओकोये घ्या. 'ब्लॅक पँथर'मधली ही सेनानी कॉमिक्समध्ये आधीपासून होती, घराघरात गेली ती २०१८ च्या सिनेमामुळे. २०२२ मध्ये इबी झोबोई यांनी तरुणपणीच्या ओकोयेवर कादंबरी लिहिली आणि तिला तिच्या वकांडा देशातून उचलून न्यूयॉर्कच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत नेलं. तिचं शौर्य नेहमीसारखं चालणार नाही अशा जागी तिला उभं केलं. ही युक्ती लक्षात ठेवा.

सापळा: शेवटी मरणारं पात्र घ्यायचा मोह होतो, कारण शेवट आयता मिळतो. पण वाचकाला तो शेवट आधीच माहीत असतो. तसं पात्र घेतलंत तर मरणाच्या बरंच आधी थांबा.

२. हक्क कुणाचे, ते शोधा

इथे घाई करू नका. बहुतेक नवखे लेखक आधी कादंबरी लिहितात आणि मग परवानगी मागतात. मीही पहिली साठ पानं तशीच लिहिली होती. परवानगी नाकारली गेली असती तर ती साठ पानं कपाटात गेली असती.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. निव्वळ कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणजे 'नायकासाठी पायताण शिवणारा म्हातारा' ही कल्पना कुणाचीच नाही. पण त्या सिनेमातलं नाव, स्वभाव, संवाद, नायकाशी नातं हे सगळं असलेला तो म्हातारा सिनेमाचाच. पात्रांवरून आपल्याकडे खटले झाले आहेत. नव्वदच्या दशकात 'नागराज' या कॉमिकमधल्या नायकाच्या प्रकाशकाने 'नागेश' नावाच्या मिळत्याजुळत्या नायकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने नागराजच्या बाजूने कौल दिला. 'आमचा नायक हिरवा नाही, निळा आहे' असल्या पळवाटांवर विसंबू नका. उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

आता खरी गुंतागुंत. सिनेमाचा मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. दिग्दर्शक चहा पाजून 'लिही की, माझी हरकत नाही' म्हणाला तर त्या होकाराला कागदावर किंमत नाही. आणि निर्मात्याकडेही सगळं असेलच असं नाही. सिनेमावरचा हक्क वेगळा, पटकथेवरचा वेगळा. पटकथाकाराने निर्मात्याला फक्त सिनेमा बनवायचा हक्क दिला असेल तर कादंबरीचा हक्क अजून पटकथाकाराकडेच असू शकतो. सिनेमा एखाद्या कॉमिकवर बेतलेला असेल तर तिसरा मालक आला. म्हणून निर्मात्याला एकच प्रश्न विचारा: 'पटकथाकाराशी झालेल्या करारात पुस्तकाचे हक्क तुमच्याकडे आलेत का? ते कलम दाखवाल?' माझ्या बाबतीत आले नव्हते. पटकथाकार भला माणूस, पंधरा दिवसांत सही करून दिली. न विचारता पुढे गेलो असतो तर पुस्तक छापखान्यातच अडलं असतं.

परदेशी कंपन्यांच्या पात्रांचं सांगायचं तर नवख्या लेखकाने सरळ पत्र पाठवून परवाना मिळत नाही. परवाना प्रकाशक घेतो आणि मग लेखक नेमतो. तुमच्या मनात हॉलिवुडचं पात्र असेल तर सरावासाठी वहीत लिहा, पण छापू नका, विकू नका. मराठी, हिंदी किंवा दक्षिणेतले छोटे निर्माते मात्र भेटतात, बोलतात. सुरुवात तिथून करा.

३. परवानगी मागायला जाताना

निर्मात्याला पूर्ण हस्तलिखित नको असतं. त्याला दहा मिनिटांत कळायला हवं की हे पुस्तक त्याच्या सिनेमाला हात देईल की त्रास. मी पिशवीतून हे नेलं होतं:

- एका पानाचं पत्र: कुठलं पात्र, का, सिनेमाच्या आधीचा काळ की नंतरचा
- तीन पानी कथासार, शेवटासकट (शेवट लपवू नका, लपवला की संशय येतो)
- नमुन्याचं एक प्रकरण, दीड-दोन हजार शब्दांचं
- 'हात लावणार नाही' अशा गोष्टींची यादी: नायकाची जन्मकथा, खलनायकाचा शेवट, पुढच्या भागाला लागू शकेल असं काहीही
- पुस्तक छापायची तयारी दाखवणारं प्रकाशकाचं पत्र, असेल तर
- पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश, मानधनाची वेळ आली तर

यातला चौथा कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला. निर्माता तो वाचून पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकला. त्यांना भीती असते की लेखक येईल आणि त्यांच्या दुसऱ्या भागाची वाट लावेल.

पत्र पाठवण्यापूर्वी कथासार स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथे नोंदणी करता येते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीला पाचशे रुपये शुल्क आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झालाच तर कागद हाताशी असतो.

४. करारातल्या पाच ओळी

वकील लावा. कोल्हापुरात कॉपीराइटचं काम रोज करणारा वकील मिळायला वेळ लागतो, पण करारपत्र नीट वाचणारा कुणीही जाणकार चालेल. वाचताना त्याला या गोष्टींवर बोट ठेवायला सांगा.

मुदत आणि प्रदेश. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. निर्मात्याने प्रकाशकाला दिलेल्या परवान्यालाही हे लागू होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात मुदतच नव्हती. तशीच सही केली असती तर सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढता आली नसती.

पैसे. एकरकमी मानधन की रॉयल्टी? पात्र दुसऱ्याचं आहे, त्यामुळे रॉयल्टीत निर्मात्याचाही वाटा असतो आणि तुमचा हिस्सा नेहमीच्या कादंबरीपेक्षा कमी येतो. यात अन्याय मानू नका, पण टक्केवारी छापील किमतीवर आहे की निव्वळ विक्रीवर ते लिहून घ्या. मानधनातून टीडीएस कापला जाईल, तो आपल्या पॅनवर जमा झालाय का ते बघत जा.

नाव. मुखपृष्ठावर तुमचं नाव येणार का? 'स्टार वॉर्स'चं कादंबरीरूप सिनेमाच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर १९७६ मध्ये आलं. ते लिहिलं होतं ॲलन डीन फॉस्टर यांनी, वर नाव होतं जॉर्ज लुकस यांचं. आपल्या कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला कर्तेपणाचा हक्क देतं आणि बाकी हक्क विकले तरी तो उरतो. तरी करारात स्पष्ट ओळ हवीच.

मालक बदलला तर? याच फॉस्टर यांनी २०२० मध्ये जाहीर तक्रार केली की हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर त्यांची रॉयल्टी थांबली. म्हणून 'या कराराच्या अटी हक्क पुढे घेणाऱ्यावरही बंधनकारक राहतील' ही ओळ घाला.

आणि मंजुरी. कोण मंजूर करणार, किती दिवसांत, किती वेळा बदल सांगू शकणार. 'एकवीस दिवसांत उत्तर न आल्यास मंजूर समजावं' ही ओळ मिळाली तर सोनं. मला ती मिळाली नाही, म्हणून एक प्रकरण चार महिने एका टेबलावर पडून राहिलं.

५. सिनेमा बघायचा, पण आवाज बंद करून

एकदा प्रेक्षक म्हणून बघा. मग वही घेऊन बसा. माझ्या वहीत चार रकाने होते: वेळ, काय दिसतं, काय ऐकू येतं, काय कळत नाही. चौथ्या रकान्यात तुमची कादंबरी असते.

आवाज बंद केला की हात दिसतात. माझ्या कारागिराच्या मागे खुंटीला एक लहान मुलाचं पायताण टांगलेलं होतं. कला-दिग्दर्शकाने दुकान भरायचं म्हणून टांगलं असेल. कथेत त्याचा कुठे उल्लेख नाही. ते पायताण कुणाचं, या प्रश्नावर मी सहा दिवस बसून होतो. सहाव्या दिवशी जे उत्तर आलं ते कादंबरीचं अकरावं प्रकरण झालं.

एका मोठ्या कागदावर सिनेमातले दिवस आखून घ्या. सोमवारी हल्ला, बुधवारी पूल पडतो, मधला मंगळवार कुठे गेला? सिनेमा असे मंगळवार कापून पुढे जातो. तुमचं पात्र त्या मंगळवारी भाजी आणतं, उधारी मागतं, रात्री झोप लागत नाही म्हणून रंकाळ्यावर जाऊन बसतं. कादंबरी अशा मंगळवारांवर चालते.

सिनेमात सांगितलेलं आणि तुम्ही धरून चाललेलं, यांच्यासाठी दोन रंग ठेवा. मी गोंधळ केला होता. कारागीर विधुर आहे असं मी गृहीत धरलं आणि अर्धी कादंबरी लिहिली. पटकथेत त्याची बायको माहेरी गेलेली होती, एका अर्ध्या वाक्यात. पहिल्यांदा फाडलेली पानं ती.

६. त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसा

हा टप्पा टाळून लिहिलेली कादंबरी वाचक दहा पानांत ओळखतो.

मी कोल्हापुरातल्या सुभाषनगरात एका कारागिराकडे जाऊन बसायला लागलो, त्यांना मी मामा म्हणायचो. परवानगी आधी मागितली, काम थांबवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असं ठरलं. पहिले चार दिवस काहीच विचारलं नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा वास अंगात मुरू दिला. रापीने चामडं कापताना हाताचा कोन, आरीने भोक पाडताना जिभेचं टोक दातांत धरणं, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवणं. पाचव्या दिवशी मामा आपणहून म्हणाले, ''तुमी बसल्यापास्नं बघतोय, उजव्या अंगावर रेलून बसताय. तुमचं पायताण बघू.'' त्यांनी माझी चप्पल उलटी केली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ''कंबर दुखतीया न्हवं?'' दुखत होती.

नायकाचा गुडघा मला तिथे सापडला.

आणखी एक गोष्ट तिथेच मिळाली, जी घरी बसून सुचली नसती. कोल्हापुरी पायताणाची ऐट त्याच्या करकर आवाजात असते. तळव्याच्या थरांत बी घालून तो आवाज मुद्दाम आणतात. घाट कापशी असो की कानवाली, माणूस गल्लीत शिरला की आधी पायताण बोललं पाहिजे. आता विचार करा. रात्री छपरांवरून फिरणाऱ्या नायकाला कसलं पायताण लागेल? मुकं. आयुष्यभर बोलकं पायताण बनवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मुकं पायताण बनवावं लागतं. त्याला ते कमीपणाचं वाटतं, त्याचे हात ऐकत नाहीत, तो दोन जोड बिघडवतो. माझ्या कादंबरीतला सगळ्यात मोठा संघर्ष हा आहे. त्यात स्फोट नाही. वाचकांची सर्वांत जास्त पत्रं त्याच प्रकरणावर आली.

तुमचं पात्र नर्स असेल तर रात्रपाळीच्या चहाच्या वेळी भेटा. वॉचमन असेल तर पहाटे तीनला जा. पेठेतला गॅरेजवाला असेल तर पाऊस लागल्यावर जा, कारण तेव्हा त्याचं काम बदलतं. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या या गावात 'शहर संकटात आहे' हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सुपरहिरो लिहिणाऱ्याला ही फार मोठी शिदोरी आहे. गल्लीत पाणी चढताना माणसं आधी काय उचलतात ते आठवा आणि लिहा.

७. त्याला शक्ती देऊ नका

नवख्याची हमखास चूक: दुय्यम पात्राला नायक करायचं म्हणजे त्यालाही उडता आलं पाहिजे, किंवा 'खरं तर सगळं त्यानेच घडवलं होतं' असं निघालं पाहिजे. तसं केलंत की सिनेमा खोटा पडतो आणि तुमचं पात्रही. त्याच्या हातात जे आहे तेवढ्यावर त्याला लढू द्या.

दुसरी चूक म्हणजे सिनेमाची गोष्ट पुन्हा सांगणं. सिनेमातला जो प्रसंग तुमच्या कादंबरीत येईल, तो दुसऱ्या खोलीतून यावा. पुलावर मारामारी चालली असताना माझा म्हातारा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आतल्या आत रेडिओ लावतो, आणि रेडिओवर बातमी येत नाही. तेवढंच.

नायक किती वेळा आणायचा? माझा हिशेब: वीस प्रकरणांत पाच वेळा, त्यातले दोनदा नुसता आवाज. पहिल्या दहा पानांत तो आलाच पाहिजे, कारण वाचकाने पुस्तक त्याच्यामुळे हातात घेतलंय. नंतर त्याला बाहेर काढा आणि वाट बघायला लावा. आणि कादंबरीत एक क्षण असा हवा जिथे तुमचं पात्र नायकाला 'नाही' म्हणतं. सिनेमात त्याला ती संधी नसते.

लांबी म्हणाल तर पन्नास हजार शब्दांच्या आसपास थांबा. माझे बावन्न हजार झाले, दिवसाला आठशेच्या गतीने.

८. बोली किती, ते आधी ठरवा

सिनेमात पात्र कोल्हापुरी बोलत असेल तर ते चार मिनिटं गोड लागतं. दोनशे पानं तसंच लिहिलं तर नागपूरच्या वाचकाला दम लागतो. मी निवेदन साध्या मराठीत ठेवलं आणि संवाद बोलीत. निवेदनात बोलीतले फक्त कामाचे शब्द ठेवले: पायताण, वादी, रापी, आरी. त्यांचा अर्थ वाक्यातूनच कळू दिला.

'नाद खुळा' आणि 'जगात भारी' हे शब्द पानोपानी पेरू नका. सत्तरीतला म्हातारा असं बोलत नाही. तो म्हणतो, ''वाईच थांबा'', ''व्हय की'', आणि बराच वेळ काहीच म्हणत नाही. सिनेमातला त्याचा एखादा गाजलेला संवाद असेल तर तो पुस्तकात एकदाच वापरा, तोही उशिरा.

९. मंजुरी आणि कापलेला प्रसंग

सिनेमा प्रदर्शित होण्याआधी लिहीत असाल तर तुमच्या हातात चित्रीकरणाची पटकथा असते, पूर्ण झालेला सिनेमा नसतो. संकलनात प्रसंग उडतात. माझ्या पात्राचा एक तिसरा प्रसंग होता, बाजारातला, आणि माझी दोन प्रकरणं त्यावर बेतलेली होती. प्रदर्शनाच्या पाच आठवडे आधी कळलं की तो कापलाय. मला कुणी कळवलं नव्हतं, सहज फोन केला म्हणून समजलं. दुसऱ्यांदा फाडलेली पानं ती. त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी संकलकाच्या सहायकाला एकच ओळ पाठवायचो: 'म्हाताऱ्याचे प्रसंग तेवढेच आहेत ना?' तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे करा. शक्यतो एकाच प्रसंगावर दोन प्रकरणं टांगू नका.

मंजुरीतून बदल आले की रागावण्याआधी त्यांची वाटणी करा. पुढच्या भागासाठी जागा राखण्याचे बदल मुकाट्याने करा, ते त्यांचं घर आहे. चवीचे बदल आले तर बोला, फोनवर बोला, आणि ठरलेलं ईमेलवर लिहून पाठवा. माझ्याकडे सूचना आली होती की मुकं पायताण 'जादुई चामड्याचं' करा. मी सुभाषनगरात काय बघितलं ते पाऊण तास सांगितलं. सूचना मागे घेतली गेली.

१०. टायपिंग, मुखपृष्ठ, आयएसबीएन

युनिकोडमध्ये लिहा. बरेच छापखाने अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत मांडणी करतात आणि फॉन्ट बदलताना रफार आणि अर्धा र हमखास तुटतात. 'ऱ्हायलं', 'दुसऱ्या', 'म्हाताऱ्या' हे शब्द बोलीच्या पुस्तकात शेकड्याने असतात. मांडणीनंतरचं मुद्रितशोधन स्वतः करा, छापील कागदावर करा.

मुखपृष्ठावर सिनेमातलं छायाचित्र हवं असेल तर छायाचित्राचा हक्क निर्मात्याकडून आणि चेहऱ्यासाठी नटाची संमती, असे दोन्ही कागद लागतात. आम्ही ते टाळलं आणि फक्त हात काढून घेतले, आरी धरलेले. आतल्या मजकुरातही नटाच्या चेहऱ्याचं वर्णन टाळा, उद्या दुसरा नट आला तर पुस्तक जुनं पडतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला शुल्क नाही. तो प्रकाशक काढतो. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. पुस्तक निघाल्यावर राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवणंही कायद्याने प्रकाशकाचंच काम आहे, एवढी आठवण करून द्या.

लेखकाच्या प्रती करारात आधीच वाढवून घ्या. मला दहा मिळाल्या, त्या पहिल्या दिवशीच संपल्या. एक करवीर नगर वाचन मंदिरात दिली, एक पटकथाकाराला, एक संकलकाच्या सहायकाला. सुभाषनगरात प्रत घेऊन गेलो तेव्हा मामांनी आधी पुस्तक उलटं करून बांधणी बघितली, शिवणीवर अंगठा फिरवला, मग नातीला हाक मारली आणि म्हणाले, ''वाच. मुक्या पायताणाचं काय केलंय ते बघू.''